गोळी, बाळाचा मेंदू आणि आमची भांडणबंदी

३ फेब्रुवारी
पाचवा महिना. उदासीवरची गोळी चालूच. नवऱ्याने, सचिनने, ड्युटीवर मोबाइलमध्ये वाचलं की या गोळीचा सेरोटोनिनवर, म्हणजे मेंदूतल्या आनंदाच्या रसायनावर, परिणाम होतो आणि ती बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचते. कशेळीच्या गोदामातून आला तो चेहरा पाडूनच. "बंद करायची का?" मी काय सांगू? गोळीआधी मी आंघोळीलाही उठत नव्हते. यानेच पाहिलंय ते.

४ फेब्रु.
नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सगळं कळलं. "गोली कशाला? घरान भांडान नको, बरं वाटंल आपोआप." लगेच भांडणबंदी जाहीर.

६ फेब्रु.
माझ्याकडून शेगडीवरचं दूध उतू गेलं. आई गप्प, पदर तोंडात. त्यांच्या कालवणात मीठ नव्हतं. मी गप्प. बाळ खूश राहावं म्हणून स. माझ्या पोटाशी तोंड नेऊन विनोद सांगतो. शेजारी कापड विणायचे लूम खडखडतात, म्हणून ओरडून. पलीकडची भाभी दारात, "झगडा हो रहा है क्या?"

७ फेब्रु.
आईंचं डोकं दुखतंय. "बोलल्याबिगर मना चैन न्हाय."

१० फेब्रु.
डॉक्टर मॅडमकडे तिघंही. स.चा पहिला प्रश्न, "बाळ आत खूश आहे का?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, एवढ्या लवकर सेरोटोनिनचं काम मूडचं नसतं. पेशींनी कुठे जायचं, कुणी कुणाशी जोडायचं, त्याचे इशारे ते देतं.
"म्हंजे मुकादम," आई.
"तसंच समजा."
मी विचारलं, "गोळीने मुकादम बिघडतो का?"
मॅडम म्हणाल्या, "थोडाफार परिणाम होत असेल. ठाम कुणालाच सांगता येत नाही. पण तुम्ही पुन्हा खाटेला खिळलात, तर त्रास दोघांनाही. मी चालू ठेवा म्हणेन. परस्पर बंद तर अजिबात नको."
परतताना रिक्षात, कामतघरच्या नाक्यावर स. म्हणाला, "तू ठरव."

११ फेब्रु.
गोळी तळहातावर घेऊन ओट्याशी उभी. आईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "घे. तू निजून रायलीस तं माझ्याशी भांडंल कोन?"
घेतली. मग कालवणावरून दोघींचं मनसोक्त वाजलं.

१५ फेब्रु.
दुपारी पोटात काहीतरी फडफडलं. आई म्हणाल्या गॅस. स.ला फोन केला, तो गोदामातच ओरडला. पुन्हा काही नाही. हात ठेवून बसलेय. आत कोण कुणाशी जोडलं जातंय, बरोबर की चुकीचं, काय कळणार. भीती आहेच. तरी भूक लागलीय, आणि वांगी कापायचीत.