वरचे आठ तास

४ जुलै २०२७, रविवार
साडू कैस. एसी दुरुस्त करतो जेद्दात, हवा करतो आमच्या दिघीत. आज व्हिडिओ कॉलवर माझी बायको सफुरा अर्धा तास बहिणीचा नवा फ्रिज बघत होती. वर कैस म्हणे, दोन ऑगस्टला तिकडे भरदुपारी सूर्य पूर्ण झाकणार. म्हणजे आता सूर्यही त्याचाच.
ठरलं. त्या दिवशी गावच्या हॉलमध्ये ग्रहणावर माझं भाषण.

७ जुलै
वाचन जोरात. अठरा वर्षं, अकरा दिवस आणि वर आठ तास झाले की तेच ग्रहण पुन्हा येतं. २२ जुलै २००९ ला मी स्वतः सुरतेला होतो. ढगांमुळे सूर्य दिसला नाही, पण सकाळी पडलेला काळोख मी पाहिलाय. त्यात अठरा वर्षं अकरा दिवस मिळवले की नेमका दोन ऑगस्ट. सुरत काय, दिघी काय, किनारा एकच. ग्रहण आपल्या दारी येतंय.
आठ तास भाषणातून काढले. अशा किरकोळ गोष्टींनी वाक्याची लय मोडते.

१२ जुलै
हॉल कमिटीला कैसच्या फोनवरून जेद्दाचं ग्रहण पडद्यावर दाखवायचंय. मी कडाडलो, खरं दारात असताना फोटो कशाला? कमिटीचे बुधाजी म्हणाले, इसहाकभाई, अंधार पडंल ना नक्की? मी शब्द दिला. नाही पडला तर जन्मात माईकला हात लावणार नाही.

१९ जुलै
भाषण तयार. सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा, पण चारशे पट लांबही. म्हणून आकाशात दोघे सारखेच दिसतात. अमावास्येला चंद्र नेमका मध्ये आला की त्याची सावली आपल्यावर. दर अमावास्येला नाही, कारण त्याची वाट तिरकी. सावली वरून नाहीतर खालून निसटते. थोडक्यात, चंद्र हा सूर्याचा साडू. लहान, उसन्या उजेडावर चमकणारा, फक्त मध्ये येऊन उभं राहायचं ठाऊक.
सफुराला वाचून दाखवलं. तिने सुक्या बोंबलाची चटणी माझ्यापुढून उचलली.

२६ जुलै
लेक लाइबा म्हणाली, अब्बा, २००९ च्या आधीचा फेरा १९९१ चा, तो मेक्सिकोत दिसला. इथे का नाही? म्हटलं, ढग असतील.
म्हणे, ते वरचे आठ तास. तेवढ्यात पृथ्वी तिसरा हिस्सा फिरते, म्हणून सावलीचा अख्खा पट्टा पश्चिमेला सरकतो. २००९ ला त्याचं टोक सुरतेला लागलं, आता तो आफ्रिका आणि अरबस्तानावरून जाणार. आपल्याकडे सूर्याला नुसता चावा.
हे शिकवलं कोणी? कैसखालूंनी. विषय संपला.

३१ जुलै
पेपरातही छापलंय, कोकणात खंडग्रास. पत्रकारांना वाक्याची लय कळत नाही. सफुरा म्हणाली, आताच सांगून टाका, लोक हसतील नि सोडतील. पण जेट्टीवर बोर्ड लागलाय: दिघीत दिवसा रात्र. खाली माझं नाव. कैसचं कुठेही नाही. सकाळपासून चार वेळा जाऊन बघितलं.

२ ऑगस्ट, संध्याकाळ
हॉल भरला. बाहेर दाट ढग. पावणेचार झाले, अंधार नाही. मी म्हटलं, पडतोय, डोळ्यांना सवय होऊ द्या. मागून मैनाबाई म्हणाल्या, इसहाकभाई, दिवा बंद करू का?
हॉल हसला. मी माईक खाली ठेवला. बुधाजींनी पडदा सोडला, कैसचा व्हिडिओ कॉल जोडला. जेद्दाचा रस्ता भरदुपारी काळा पडला, दिवे लागले. सूर्याच्या जागी काळं भोक, भोवती पांढरी झालर. कैसचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येईना. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उठून बोललो. मग त्याचा आवाज आला. रडत होता. म्हणाला, सुरतेहून आल्यावर इसहाकभाईंनी तो काळोख असा सांगितला होता की तेव्हापासून मला हेच बघायचं होतं.
टाळ्या. गोष्ट माझी, टाळ्या त्याला.
महिनाभराच्या तयारीनंतर माझं भाषण एवढंच झालं: कैस, तुझा आवाज येत नाही.
पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. माईकशिवाय.