सात नंबरचा पिंजरा

१२ जून, गुरुवार

जर्नलकडून पेपर परत आला. घेतलाच म्हणायचा, किरकोळ शंका आहेत. दुसऱ्या परीक्षकाची एकच: पिंजरे खोलीत कुठे आणि कसे ठेवले होते? मनात म्हटलं, घ्या! पाच वर्षं उंदरांच्या मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशी मोजल्या, इंजेक्शनने सूज आणली की त्या कशा फुगतात आणि आमच्या औषधाने कशा शांत होतात ते दाखवलं, अन् याला फर्निचरची पडलीय.

ॲनिमल हाउसमध्ये जाऊन भाऊरावजींना विचारलं. बावीस वर्षं उंदीर सांभाळतात. "औषधवाले खालच्या रांगेत, मिठाच्या पाण्यावाले वरच्या. तक्त्यात होतं तसंच. त्या वर्षी मे महिन्यात एसी बंद पडला ना मॅडम, तवा कूलर लावला. त्याची हवा खालीच लागे. वर पत्र्याखाली भट्टी होऊन राहिली होती."

गरमीनेही मेंदूला सूज येते. मग वरच्यांच्या, तुलनेसाठी नुसतं मीठपाणी दिलेल्यांच्या, पेशी जास्त फुगल्या त्या कशाने? अन् खालचे शांत झाले ते औषधाने की कूलरने?

प्रांजलीला बोलावून झापलं. पीएच.डी.चा थिसिस तिचा, पिंजरे तिने लावलेले. "काहून सगळे औषधाचे खाली ठेवले? डोकं घरी ठेवून येतेस का?" खाली मान घालून उभी. "सॉरी मॅम." एवढंच.

१३ जून, शुक्रवार

जुन्या फाइलीत तक्ता सापडला. पिंजरे १ ते ६ औषध, खालची रांग. ७ ते १२ मीठपाणी, वरची रांग. खाली अधोरेखित: गल्लत नको!!

अक्षर माझं.

पिंजऱ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, हे मी एम.एस्सी.च्या पोरांना दरवर्षी घसा फोडून सांगते. प्रां. तेव्हा नवी होती, पिंजऱ्यांची अदलाबदल करील म्हणून मीच सोय करून दिली. सोय!

तिला फोन करायला हवा होता. केला नाही. लाज वाटली, दुसरं कारण नाही.

१५ जून, रविवार

दिवसभर घरी. आई माझ्या भावाला, नितीनला, वरणभात भरवत होती. नऊ वर्षांचा होता मेंदूज्वर झाला तेव्हा, आता एकतीस वर्षांचा आहे. आज घास तोंडात धरून बसला, गिळेचना. आई गालावर टिचकी मारत, "गीळ गा राजा, गीळ." वीस मिनिटं.

मग मला: "तुह्या औषधाचं छापून कधी येते वं? बाजूच्या लताबाईले सांगून ठेवलं मी."

म्हटलं, येईल.

ते औषध खरं निघालं तरी नितीनसाठी नाही. बावीस वर्षांपूर्वी मेलेल्या पेशी कोण परत आणणार? हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आईला कधी बोलले नाही. तिच्या त्या आशेवर मीही जगले थोडी, खोटं कशाला लिहू.

१६ जून, सोमवार

भाऊरावजी आपणहून आले. दारातच उभे. "मॅडम, एक राहिलं सांगायचं. सात नंबर मी खाली आणला होता. अगदी कोपऱ्यात होता, आतले तिघंही उंदीर धापा टाकून राहिले होते. पाहवलं नाही. कूलरसमोर ठेवला पंधरा दिवस. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नव्हतं."

सात. मीठपाण्याचा. औषधाचा थेंब नाही.

ते गेल्यावर दार लावून घेतलं. सातच्या तिन्ही उंदरांचे आकडे मला बघायची गरज नव्हती, तोंडपाठ आहेत. मीठपाण्याच्या गटात ते तिघेच शांत निघाले होते. फुगलेल्या पेशी जवळपास नाहीतच. तेव्हा मी काय केलं? वहीत शेरा मारला, "सूज आणणारं इंजेक्शन नीट लागलेलं दिसत नाही", आणि तिघांना हिशोबातून काढून टाकलं. प्रां. म्हणाली होती, मॅम, तिघांनाही कसं नाही लागणार? मी म्हटलं, होतं असं. अनुभवाने कळेल.

अनुभव!

१७ जून, मंगळवार

आमच्या विभागप्रमुख सरांकडे गेले. सगळं सांगितलं. सर चहा पीत ऐकत होते. म्हणाले, "तीन उंदीर आहेत हो. तीन उंदरांवरून काही सिद्ध होत नाही." खरं आहे. औषध फुकट गेलं हे त्या तिघांवरून सिद्ध होत नाही. पण ते लागू पडलं हे तरी उरलेल्यांवरून कुठे होतं? मी तेच म्हटलं. सर म्हणे, "पेपरच्या शेवटी एक ओळ टाका, तापमानाचा परिणाम असू शकतो म्हणून. प्रांजलीच्या थिसिसचा विचार करा. तिची फेलोशिप ऑक्टोबरात संपते."

प्रयोग पुन्हा करायचा तर प्राणी-प्रयोग समितीची परवानगी, नवे उंदीर, पुन्हा टोचणं, पुन्हा मोजणं. ऑक्टोबरात काय, पुढच्या उन्हाळ्यातही होत नाही.

एक ओळ. घरी येईपर्यंत ती ओळ मनात चार प्रकारे लिहून झाली होती. चारही छान होत्या. तिसरी तर फारच. स्वतःची किळस आली.

१९ जून, गुरुवार

प्रां.ला तक्ता दाखवला. म्हटलं, हे माझं अक्षर आहे, तुला उगाच बोलले, माफ कर.

"मला माहीत होतं मॅम."

"मग त्या दिवशी बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही कुठे बोलू दिलं."

सात नंबरच्या पिंजऱ्याच्या वेळेसही तेच झालं होतं की. मग तो पिंजरा कूलरसमोर होता ते सांगितलं. ती रडेल वाटलं होतं. रडली नाही. लग्नाची तारीख थिसिसवर अडकलीय तिची, यवतमाळला घरचे खोळंबलेत. वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. मग विचारलं, "एक ओळ टाकली तर चालतं का मॅम, खरंच?" मी म्हटलं, चालतं. सगळे टाकतात.

"मग मोजलं कशाला आपण," म्हणाली.

संध्याकाळी संपादकांना पत्र गेलं, दोघींच्या नावाने. पेपर मागे घेतला. सरांना प्रत पाठवली. सरांचा फोन आला, उचलला नाही.

२० जून, शुक्रवार

सर बोलत नाहीत. परवानगीचा अर्ज टाकला. समिती कधी बसेल, ठिकाण नाही. भाऊरावजी विचारत होते, "माह्यामुळं झालं का मॅडम?" म्हटलं, तुमच्यामुळे कळलं. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

२२ जून, रविवार

प्रां. घरी आली, नवा तक्ता करायला. बारा पिंजऱ्यांच्या बारा चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या. यावेळी जागा मी ठरवणार नाही, तीही नाही. डबा नितीनपुढे धरला.

आईला तेव्हाच सांगितलं. औषध चालतं की नाही, आम्हाला माहीत नाही आई. अन् चाललं तरी याच्यासाठी नव्हतं. कधीच नव्हतं.

आई नितीनचं तोंड पुसत होती. पुसतच राहिली. "मले वाटलंच होतं," म्हणाली. मग, "लताबाईले आता काय सांगू?"



नितीन एकेक चिठ्ठी काढून देत होता, प्रां. उघडून तक्त्यात आकडा लिहीत होती. पाच झाल्या. सहावी त्याने मुठीत धरली, देईना. मी बोटं सोडवायला गेले तर ओरडला. आई म्हणे, राहू दे, सोडेल आपोआप. प्रां. म्हणाली, थांबू या मॅम.

थांबलो. घाई कसली, परवानगी कुठे आलीय अजून.