स्कीच्या बुटांतलं चालणं

ड्रेस्डेन,
२४ जानेवारी २०१४

ती. बाबांस,
मैत्रीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुम्ही उभा जन्म पोस्टात काढलात, त्यामुळे फोनवर बोललेलं तुम्हाला खरं वाटत नाही. म्हणून हे पत्र. आईला नेहमीसारखं वाचून दाखवा, पदरचं तिखटमीठ न लावता.

पुढच्या आठवड्यात मी यशपालदादा आणि सुलेखावहिनीबरोबर आल्प्समध्ये ओबरस्टडॉर्फला जाते आहे. जर्मनीत पीएचडी करायला येऊन चार वर्षं झाली आणि अजून स्कीचा डोंगर पाहिला नाही म्हटल्यावर वहिनीनेच बेत आखला, तिकीटही काढलं. फक्त बर्फात धडपडायला जाताना निळा सिल्कचा कुर्ता कशाला आणायचा, ते कळत नाही. फोटोसाठी, म्हणाली. तिचं फोटोवेड तुम्हाला ठाऊकच आहे.

परवा लॅबमध्ये लग्नांचा विषय निघाला. आत्याने मला बघायला आणलेली पाहुणेमंडळी माझ्या बाबांनी दारातूनच परत पाठवली, माझी मुलगी दाखवायची वस्तू नाही असं सुनावलं, हे मी सगळ्यांना जर्मनमधून सांगितलं. सांगताना छाती फुगली होती. थीसिस संपला की माझं मी बघेन, आणि सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगेन.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो मोजून मापून करू नका.

तुमची
मैत्री

ड्रेस्डेन,
४ फेब्रुवारी २०१४

सौ. वहिनींस,
जय भीम.

आजवर तुम्हाला अगं-तुगं केलं. आजपासून अहो-जाहो.

केबल कारमधून वर जाताना तुम्ही माझे केस सारखे केलेत, तेव्हा मला माया वाटली होती. वर ह्युटेच्या त्या लाकडी खाणावळीत आपल्याच टेबलाशी म्युनिकचा संघर्ष नावाचा इंजिनिअर, त्याचे आईवडील आणि गरम डब्यात कांदेपोहे! बाहेरचं खाणं तिथे चालत नाही, म्हणून त्या बाई टेबलाखाली बशा भरत होत्या. मी तडक उठले, तर वारा सुटल्यामुळे केबल कार बंद. स्की येत असती तर घसरत का होईना, खाली गेले असते. दुपारभर त्या लोकांसमोर बसून राहावं लागलं.

चहा आणायला तुम्ही मलाच पाठवलंत. पायांत भाड्याचे स्कीचे बूट, त्यांत धडधाकट माणूसही बदकासारखा चालतो. सगळं टेबल माझी चाल न्याहाळत होतं. त्या बाईंनी मुलीच्या पायात काही दोष आहे का, असं तुम्हाला हळूच विचारलं, आणि तुम्ही हसलात. संघर्ष बिचारा खिडकीबाहेर बघत होता. त्यालाही बहुधा स्की शिकायलाच आणलं असावं.

मी विश्वासाने आले होते, वहिनी. तुम्ही मला फसवलंत, याचा मला संताप येतो आणि रडूही येतं. बाबांना हे कळलं तर त्यांना काय वाटेल, एवढा तरी विचार करायचा होता. त्यांना मी अजून कळवलेलं नाही. त्यांचं मन मोडेल.

लोभाचं पुढे बघू.

मैत्री

त्सुफेनहाउझेन,
१० फेब्रुवारी २०१४

प्रिय मैत्रीस,
वहिनीचा सस्नेह जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझं अहो-जाहो फार लागलं. काय लिहू असं तुझ्या दादाला विचारलं, तर 'तर मग, तर मग' म्हणावं तसं आल्झो, आल्झो करत तो बाल्कनीत निघून गेला. मी हसले ते चुकलंच. घाबरले की मला हसू येतं.

पण बेत माझा नव्हता गं. बाबांचा होता. दिवाळीपासून ते फोन करत होते, आणि पत्रात यातलं काही लिहू नका म्हणून बजावत होते. मुलाकडच्यांशी बोलणंही त्यांनीच केलं. तुझ्या लग्नाच्या काळजीने आईंची अन्नावरची वासना उडाली आहे असं त्यांनी सांगितलं, आणि तुला आधी कळू देणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं.

मी तर त्या मंडळींना आमच्या घरीच बोलावणार होते. बाबाच नको म्हणाले. मैत्री चिडली की उठून चालायला लागते, तेव्हा तिला उठून जाता येणार नाही अशी जागा बघा, असं ते म्हणाले. मग मला डोंगर सुचला.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझी
सुलेखावहिनी

ड्रेस्डेन,
१५ फेब्रुवारी २०१४

ती. आईस,
जय भीम.

हे पाकीट तुझ्या नावाचं आहे, बाबांच्या हातात देऊ नकोस. तुला वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिते आहे.

मला फसवून डोंगरावर नेलं आणि एका मुलाच्या घरच्यांना दाखवलं. बाबांनी ठरवलं होतं. तू माझ्या काळजीने जेवत नाहीस, म्हणून केलं म्हणे. तू त्यांना असं करायला सांगितलं होतंस का? आणि जेवतेस ना? एवढंच कळव. बाबांना लिहायला बसले, तर 'ती.'च्या पुढे हात चालत नाही.

तुझी
मैत्री

नागपूर,
१ मार्च २०१४

चि. मैत्रीस,
आईचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

माझ्या अक्षराला हसू नकोस. प्रौढांच्या वर्गात शिकले तेवढंच.

मी बरी आहे. दोन भाकरी खाते, दुपारी झोपते. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांना आलेल्या तुझ्या पत्रातलं आत्याच्या पाहुण्यांचं त्यांनी मला वाचून दाखवलंच नाही. तू बर्फात जाणार आणि कुर्ता नेणार, एवढंच मी ऐकलं. काल ते पत्र काढून माझं मी वाचलं.

तुला कधी बोलले नाही. मला बघायला आले तेव्हा मलाही अंगणात चालून दाखवायला लावलं होतं. तुझे बाबा मान खाली घालून बसले होते. लग्नानंतर ते मला म्हणाले की त्यांना लाज वाटली, आपल्या मुलीला असं कोणापुढे चालायला लावणार नाही. नव्या घरात मी घाबरलेली होते. त्या एका शब्दावर मी त्यांना आपलं मानलं. तेव्हा पोरी, फसवलं ते तुला एकटीला नाही.

त्यांना विचारलं, तर काळजीपोटी केलं म्हणाले. काळजी असेल. पण माझं नाव पुढे का केलं असं विचारलं, तर तेलाची वाटी मागितली. सकाळपासून गुडघा चोळत बसले आहेत.

यापुढे पत्र माझ्याच नावाने टाक. वेळ लागला तरी मी वाचीन. संध्याकाळी ते नेहमीसारखे खुर्ची ओढून बसतील, तेव्हा त्यांना मी वाचून दाखवीन, मला वाटेल तेवढं.

माया आहेच, ती लिहून काय सांगू.

तुझी आई,
मीराबाई