वाघजाईचे कोंबडे

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥
हिर्डोशी, ता. १४ मे १९४५

रा. रा. बाजीराव यांस सावळारामचा स. न. वि. वि.

दिवाळीनंतर गेनूचे पत्र नाही. त्याची पलटण ब्रह्मदेशात कुठे आहे, पोरगा कसा आहे, काही कळत नाही. आणि त्या काळजीत तुमच्या बहिणीने माझ्या अंगणात लढाई आणून ठेवली आहे. माघात कोंबडी अंड्यांवर रवणीला बसवताना फुलाबाई वाघजाईला बोलून बसली, की माझा गेनू सुखरूप घरी आण, या अंड्यांतून निघतील तेवढे सगळे नर तुझे. तिला वाटले दोनतीन निघतील. देवीने एक तलंग दिली आणि नऊ कोंबडे!

आता ते तुऱ्यावर आले आहेत. आमचा जुना धरून दहाजण दिवसभर एकमेकांच्या उरावर. माद्यांच्या पाठी सोलून निघाल्या, अंडी बंद झाली, आणि शेजारची रतनबाई ओट्यावरची घाण दाखवायला रोज हाक मारते. डालग्यांखाली कोंडावे तर घरात पाय ठेवायला जागा राहत नाही. देवीचे म्हणून विकता येत नाहीत, गेनू येईपर्यंत कापता येत नाहीत. त्यातला एक जरी दगावला तरी नवस मोडला आणि पोराचे बरेवाईट झाले, असे तिने मनाशी धरले आहे. मला राग येतो, पण तिच्या तोंडाकडे पाहिले की बोलवत नाही. काही सुचले तर कळवा.

लोभ आहेच, त्यात खंड नसावा.
आपला, सावळाराम


आंबवडे, ता. २२ मे १९४५

रा. रा. सावळारामदाजी यांस बाजीचा स. न. वि. वि.

पत्र वाचून आधी डोळे भरले आणि मग, खोटे कशाला सांगू, हसू आले. माझे ऐकाल तर चार भोरच्या बाजारात नेऊन विका. देवी काय मोजत बसली आहे? आणि एक चांगला दांडगा माझ्यासाठी राखा. भाचा आला की त्याच्या मांडीला मांडी लावून रस्सा ओरपणार आहे. आमची कोंडाबाई इथेच उभी आहे. ती म्हणते, की देवाच्या कामात तुम्ही तोंड घालू नका, आणि वन्संना म्हणावे धीर सोडू नका.

थट्टा राहू द्या. वरच्या धनगरवाड्यावर विचारून पाहा. ती माणसे जनावरांतच वाढलेली.

फुलाबाईस आशीर्वाद. आमच्यावर माया असावी.
आपला, बाजी


हिर्डोशी, ता. ९ जुलै १९४५

रा. रा. बाजीराव यांस स. न. वि. वि.

तुमचा सल्ला लागू पडला. धनगरवाड्यावरची सगुणाबाई म्हणाली, की भांडण सगळं माद्यांपायी हाय, त्या डोळ्यांआड करा, मग नर भावाभावांवानी ऱ्हात्यात. मला काही पटले नाही. तरी जुना कोंबडा घरी ठेवला आणि नऊही डोंगरावर नाचणीच्या शेतातल्या खोपीत नेऊन सोडले. पहिल्या दिवशी मी काठी घेऊन उभा होतो. थोडी टोचाटोची झाली, मग एक खाली बसला आणि बाकीचे त्याच्याशेजारी बसले. आता पावसात एकाच आढ्यावर अंगाला अंग लावून बसतात. फुलाबाई रोज दाणे घेऊन वर जाते.

पण खरे सांगायचे ते पुढेच आहे. त्यांचे आरवणे ऐका. आधी तांबडा. मग काळा. मग ठिपक्यांचा. असे करत सगळ्यांत शेवटी मोडक्या शेपटीचा. कधीही ऐका, हाच क्रम. तांबड्याला उशीर झाला तर बाकीचे माना उंच करून थांबतात, पण आधी कोणी तोंड उघडत नाही. मी खुरपणी टाकून भिजत ऐकत राहिलो. जन्मभर कोंबडे पाळले, कापले, खाल्ले, पण त्यांच्यात अशी रीत असते हे मला ठाऊक नव्हते! फुलाबाई म्हणते, देवीचा शब्द आहे त्यांच्यावर. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसलो नाही.

गेनूची खबर नाही.

आठवण ठेवून असावे.
आपला, सावळाराम


हिर्डोशी, ता. २४ सप्टेंबर १९४५

बाजीराव, स. न. वि. वि.

गेनू आला! आपला गेनू आला!

उजव्या हाताला गोळी लागली आहे, बोटे वळत नाहीत. इतके दिवस इस्पितळात होता. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली पत्रे कुठे गेली देव जाणे. भोरहून चालत निघाला. ओढा ओलांडला आणि असे धुके उतरले, की स्वतःचे पाय दिसेनात. वाट सुटली. गवतातून चढत राहिला. पायाखालचा एक दगड निसटला, त्याच्या पडण्याचा आवाजच आला नाही. तेव्हा त्याला कळले, की आपण कड्यावर आहोत. तो जागीच बसला.

तेवढ्यात एक कोंबडा आरवला. मग दुसरा, तिसरा. हे कुठले गाव, असे त्याला वाटले, कारण त्या अंगाला घर नाही हे त्याला पक्के माहीत. तरी आवाजाकडे हाताने चाचपत सरकत गेला. ते थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. असा तो आपल्या खोपीपाशी येऊन पोचला. आत फुलाबाई दाणे टाकत होती. तिने त्याला पाहिले, त्याचा दुखरा हात आपल्या हातात घेतला आणि विचारले, की जेवलास का.

आता नवस. ती म्हणाली, शब्द दिला तो दिला, कापायचे. गेनू म्हणाला, त्यांना सुरी लावू देणार नाही. मायलेक दोघेही रडू लागले. शेवटी कोंडिबा गुरवाने देवीला कौल लावला. उजवे फूल पडले: जिवंत सोडा. काल गेनूने डाव्या हाताने त्यांच्या पायांच्या दोऱ्या सोडल्या आणि नऊही देवीच्या राईत सोडून दिले. देवीने राखावे, देवीने न्यावे. भाच्याला भेटायला या. रस्सा मात्र मिळणार नाही.

वाट पाहतो. माया आहेच.
आपला, सावळाराम


आंबवडे, ता. १२ ऑक्टोबर १९४५

दाजींस बाजीचा स. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुमच्याकडे पिठले-भाकरी खाताना मी कुरकुरलो, आणि तुमचे कोंबडे एव्हाना मुंगसाच्या पोटात गेले असतील असेही म्हणालो. फुलाबाईचा चेहरा उतरला होता. म्हणून हे लिहितो, तिला मोठ्याने वाचून दाखवा.

निघालो तो सरळ रस्त्याला लागलो नाही. राईकडे चढलो. धुके होते. पान हलत नव्हते. वाटले, संपले सगळे. परत वळलो, आणि तांबडा आरवला. मग काळा. मग ठिपक्यांचा. तुमच्या पत्रातला क्रम मला पाठ होता, बोटांवर मोजत गेलो. आठ झाले आणि सगळे गप्प. मोडक्या शेपटीचा काही आरवेना. बहिणीला काय सांगू? आणि अगदी माझ्या डोक्यावरच्या फांदीवरून तो आरवला. दाजी, सगळे आहेत. पायताण काढून हातात घेतले आणि राईबाहेर येईपर्यंत घातले नाही.

आज पहाटे आमच्या दारचा कोंबडा आरवला. मी अंथरुणात उठून बसलो आणि दुसऱ्याची वाट पाहत राहिलो.

गेनूच्या हाताला तेल चोळत राहा. लोभ वाढवा असे आता म्हणत नाही, आहे तेवढा पुष्कळ आहे.
आपला, बाजी