लटारूभाऊंसाठी जिवंत सुरमई

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. एका दिवसाचाही खाडा नाही.

कारण लटारूभाऊ. दिव्यानीचे वडील, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, आणि वागण्यावरून गावतलावाचे मालक. आज तलावाच्या पाळीवर ते जाळं सांधत बसले होते. सरळ जाऊन म्हटलं, दिव्यानीसाठी माझा विचार करा. मान वर न करता म्हणाले, "श्रावन, तुनं कॉलेज अर्ध्यात सोडलं. टायपिंग अर्ध्यात सोडलं. पोलीस भरतीचं पळनं तं शाळेच्या गेटापर्यंतच झालं. दाढीबी अर्धीच हाय. पुरं काय केलं तेवढं सांग."

कॉलेज मी सोडलेलं नाही. सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या सरांनी माझी फाईल परत फेकली, मी त्यांच्यासमोर दार आपटून निघालो. नुकसान कॉलेजचं.

भाऊ पुढे म्हणाले की सोळा तारखेच्या रविवारी वरोऱ्याहून दिव्यानीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. पोरगा कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. नाव कुलदीप.

"येऊ द्या," मी म्हणालो. आवाज चांगला लागला होता.

४ फेब्रुवारी

दिव्यानीला मेसेज टाकला : काहीतरी मोठं करणार आहे, वाट पाहा. उत्तर आलं : ok. फक्त दोन अक्षरं. म्हणजे बोटं थरथरत असणार, जास्त टाइप झालं नसेल. मागच्या महिन्यातही आरमोरीच्या बस स्टॉपवर स्वतःहून बोलली होती. "जरा सरक ना" म्हणाली होती. मी अजून ती जागा विसरलो नाही.

५ फेब्रुवारी

प्लॅन तयार!

वारलू, माझा सिरोंच्याचा दोस्त, त्याचे भाऊजी काकीनाड्याला मासेमारीच्या बोटीवर इंजिन चालवतात. बोट पाच दिवस खोल समुद्रात जाते. वारलू आणि आमच्या गावचा मोबाईल दुरुस्तीवाला विक्की मजा म्हणून जाणारच होते. मी मिशन म्हणून जाणार.

एक, पाच दिवस पूर्ण करायचे. अर्धवट म्हणणाऱ्यांची तोंडं बंद.

दोन, समुद्रातला मासा आणायचा. तोही जिवंत. लटारूभाऊंच्या घरी उडी मारणाराच मासा कढईत पडतो. मेलेला मासा खाणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत.

टेक्निक सोपं. मरळ ओल्या पोत्यात गुंडाळली की दोन दिवस जगते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तलावातली मरळ दोन दिवस, तर एवढ्या मोठ्या समुद्रातला मासा किमान चार. धानाचं एक पोतं धुऊन बॅगेत टाकलं. दुसरी तयारी लागत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७, काकीनाडा

(६, ७, ८ प्रवासात गेले. तो खाडा धरायचा नाही.)

बोटीच्या कप्तानाला इथे सारंग म्हणतात. नाव अप्पन्ना. फक्त तेलुगू बोलतात, मिशी मात्र सगळ्या भाषांत बोलते. मला वरून खालपर्यंत पाहून ते बराच वेळ काहीतरी बोलले. वारलूला तेलुगू येतं, त्याला अर्थ विचारला तर म्हणाला, "काई नाई."

पोहता येतं का, असंही विचारलं. सांगितलं, आमचा तलाव आडवा पार केलाय. (मे महिन्यात. ते सांगायची गरज नव्हती.)

सकाळी ११. किनारा दिसेनासा झाला. मस्त! समुद्र म्हणजे मोठा तलावच. लोक उगाच घाबरतात.

११.२०. का घाबरतात ते समजलं.

दुपार. उलटी ही कमजोरी नाही. शरीर जुनं पाणी काढून नवीन घेतं.

संध्याकाळ. जुनं पाणी संपलं. तरी चालू आहे.

१० फेब्रुवारी

तलावाला काठ असतो. कुठेही पाहा, झाड दिसतं, म्हैस दिसते. इथे काहीच नाही. हे कोणी असं करून ठेवलं?

सारंगला कडक शब्दांत सांगितलं, बोट वळवा. माझ्यासाठी नाही, वारलूचा चेहरा मला बरा दिसत नव्हता. वारलू तेव्हा तिसऱ्यांदा भात घेत होता. सारंगचं उत्तर त्यानेच सांगितलं : "म्हणते, हे यष्टी नाई, हात दाखवला का थांबाले. उतराचं असन तं उतर म्हणते."

माझं डोकं सटकलं. पुन्हा ओरडलो, दोरांच्या वेटोळ्याला लाथ मारली. दोर ओला आणि जड असतो. अंगठा सुजला. विक्की मोबाईल समोर धरून माझ्याकडेच पाहत होता. काळजी वाटत असेल.

निषेध म्हणून जेवलो नाही. जेवण तसंही पोटात राहत नव्हतं.

शौचाला बोटीच्या मागे दोर धरून लटकावं लागतं. त्याबद्दल लिहिणार नाही.

११ फेब्रुवारी

निषेध मागे. चिंच आणि मिरचीचं लालभडक कालवण. रडलो. मिरचीमुळे.

विक्की आचाऱ्याचा असिस्टंट झालाय. तेलुगूचा एक शब्द येत नाही, तरी सगळे त्याला हाका मारतात. मला कोणी मारत नाही. माणसं पारखायला अक्कल लागते.

बोटीच्या टोकाला उभं राहून दिव्यानीचं नाव मोठ्याने घेतलं. तेवढ्यात लाट तोंडात आली. खारट.

१२ फेब्रुवारी

आज एकदाच उलटी. समुद्र सुधारतोय.

१३ फेब्रुवारी

पकडला!!

लांब दोरीला गळ लावून सोडतात. आज दुपारी दोरी ताणली, सहा जण ओढायला धावले, दोरीला माझाही हात होता. (तोल जात होता म्हणून धरली होती, पण हात तो हात.) वर आली सुरमई. माझ्या मांडीएवढी, चांदीसारखी. फळीवर धाडधाड उड्या मारत होती. मी तिच्या कानात म्हणालो, अशीच राहा, गावापर्यंत. पुढे ती शांत झाली. समजूतदार आहे.

सारंगने मला तीच देऊन टाकली. विक्की-वारलूलाही एकेक दिली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, बंदर

परत! पाच दिवस पूर्ण! आयुष्यात पहिल्यांदा... म्हणजे पुन्हा एकदा काहीतरी पूर्ण केलं.

सारंगने तिघांना थर्माकोलचे डबे आणि बर्फ दिला. मी डबा परत केला. बर्फ मेलेल्यांसाठी असतो. ते बराच वेळ बोलले. वारलू पुन्हा म्हणाला, "काई नाई."

सुरमई पोत्यात गुंडाळली. समुद्राचं पाणी दहा लिटरच्या कॅनमध्ये भरून घेतलं, तिला परकं वाटू नये. विक्की म्हणाला, "अबे, मेली ते. कालच मेली." त्याच्याशी बोलणं बंद.

व्हॅलेंटाइन डे. दिव्यानीला लिहिलं, पाच दिवस पूर्ण केले. उत्तर : ok, आणि खाली एक अंगठा. अंगठा नवीन आहे.

१५ फेब्रुवारी, रेल्वे

दर अर्ध्या तासाला पोत्यावर पाणी मारतो. मधेच कल्ले हलल्यासारखे वाटले. गाडीही हलत होती, पण दोन्ही हलण्यात फरक असतो.

वरंगलला समोरची बाई मुलांना घेऊन दुसऱ्या डब्यात गेली. मग बाजूचे काका. मग सगळे. लोकांना मोकळी जागा आवडत असावी. टीसीने नाकाला रुमाल लावून मला संडासाशेजारी उभं केलं. तिथे उभा असलेला माणूस म्हणाला, आता वास वाढला.

संकल्प : घरी पोचल्यावर विक्कीला माफ करायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बल्लारशाहून बसवाल्यांनी घेतलं नाही. मालाच्या टेम्पोत मागे बसून आलो. विक्की पुढे बसने गेला, डबा मांडीवर घेऊन.

अकरा वाजता लटारूभाऊंच्या अंगणात पोचलो. पाव्हणे खाटेवर बसलेले. पोतं मधोमध ठेवलं. आधी माशा उतरल्या. मग पाव्हण्यांचे हात नाकाकडे गेले. भाऊंनी पोत्याचं तोंड उघडलं, बंद केलं, आणि हळू आवाजात विचारलं, "श्रावन, हे कधी मेली?"

"झोपून राह्यली," मी म्हणालो.

दाराआड दिव्यानी हसली. हसता हसता उंबऱ्यावरच बसली. तिला इतकं दुसऱ्या कोणी हसवलं असेल असं वाटत नाही.

मी भाऊंना सांगितलं, मासा जाऊ द्या, पाच दिवस तर पुरे केले. ते म्हणाले, "केले ना. पन बोट वळली असती तं?"

मी बोट वळवा म्हणून ओरडतानाचा व्हिडिओ विक्कीने स्टेटसला ठेवला होता. सगळ्या गावाने पाहिला. दिव्यानीने तर जेवतानाही पाहिला, असं तिची आई म्हणाली. माफीचा संकल्प रद्द.

सुरमई मोरीजवळच्या पपईखाली पुरायचं ठरलं. खड्डा खणायला कुलदीप स्वतः फावडं घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, पाच दिवस समुद्रात? आपल्यानं नसतं झालं बा." माणूस चांगला आहे. याचाच जास्त राग आला.

पाव्हण्यांना जेवायला विक्कीने आधीच आणून दिलेली सुरमई होती. बर्फातली. लटारूभाऊंनी दोन तुकडे मागून घेतले. वरोऱ्याच्या पाव्हण्यांनी बोटं चाटत होकार दिला.

मलाही ताट वाढलं होतं. अर्ध्यात उठलो.

२० एप्रिल

मधले दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आज दिव्यानी घरी आली. स्वतः. एका हातात लग्नाची पत्रिका, दुसऱ्या हातात मोठी पिवळी पपई. म्हणाली, "बाबानं धाडली. म्हणते, खत त्याचं हाय. यंदा असं फळ पहिल्यांदाच लागलं." मग पत्रिका हातात देत म्हणाली, "सेकंड इयरचा फॉर्म भर ना रे. तू पाच दिवस रडत का होईना, राह्यलास ना तिथं."

मी म्हणालो : ok.

ती गेल्यावर पपई कापली. गोड होती. आई म्हणाली, अर्धी उद्याले ठेव.

नाही ठेवली. पूर्ण केली.