यंदा सगळ्यांच्या पायात पांढरे बूट

आये,

वर्ष सरलं. नात कपाट उपसून बसली होती, पलंगावर हा ढीग. काय ठेवायचं, काय टाकायचं, तिचं चाललं होतं. गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या पॅंटला ती जुनी म्हणते. मला म्हणाली, आज्जी, तू दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघतेस, तूच सांग यंदा लोकांनी काय काय घातलं. तिला सांगितलं ते हसण्यावारी. तुला नीट सांगते, कारण कापड तुला कळायचं, आणि यात बुटांची एक गोष्ट आहे ती दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखी नाही. डॉक्टर म्हणालाय, घरातसुद्धा अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, आता परत जखम झाली तर पाय काढावा लागेल. आणि चुलीपाशी पायताण न्यायचं नाही, हे तुझं. तू गेलीस म्हणून ते सुटलेलं नाही.

तर यंदा पॅंटी अशा आल्या की एका पायात दोन माणसं मावतील. मागे पोरी इतक्या चिकटलेल्या विजारी घालायच्या की बसताना मलाच धाकधूक. आता परळचा रस्ता झाडत चालतात. दुपारी काचेच्या हापिसातून जेवायला सुटतात तेव्हा वाटतं कोणीतरी दोरीवरचे कपडे हवेत सोडलेत. शर्टही बापाच्या मापाचे, खांदे कोपराशी. नातीला म्हटलं, घरात तुला खायला देत नाहीत असं वाटेल लोकांना. ती म्हणाली, आज्जी, असंच असतं ते. मग एक आला वरखाली एकाच कापडाचा जोड, त्याला कोऑर्ड सेट म्हणायचं. ती घालून उभी राहिली आणि मला आपली दिवाळी आठवली. मिलमधून कामगारांना स्वस्तात तागा मिळायचा, आणि तू त्या एका ताग्यातून बाबांचा शर्ट, माझा फ्रॉक, धाकट्याची चड्डी, उशीचे अभ्रे आणि खिडकीचा पडदा, सगळं बेतायचीस. एका साली निळी फुलं होती. मी खिडकीशी उभी राहिले तर नुसतं डोकं दिसायचं. चाळीतल्या पोरी ओरडायच्या, पडदा आला, पडदा आला. मी रडत घरात आले तर तू सुईतून मानही वर केली नाहीस, म्हणालीस, नागडी तर नाही ना फिरत. तेच मी नातीच्या तोंडावर मारलं. तिने निळ्या फुलांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आज्जी, तो पडदा असता ना, आज मी घातला असता.

पाडव्याला तिने मला गिरगावची मिरवणूक बघायला नेलं. पोरींनी नऊवारी नेसलेली, नेसलेली म्हणजे काय, शिवलेली. पायजम्यासारखी पाय घालून वर ओढायची, मागे चेन. नाकात नथ, डोळ्यावर काळा चष्मा, आणि खाली पांढरे बूट. पावाच्या लादीएवढे जाड तळवे. मला वाटलं पोरींच्या चपला चोरीला गेल्या असतील. पण पुढे दादरला शेजारच्या पोरीच्या लग्नाला गेलो तर शालूखाली नवरीच्याही पायात तेच. करवलीला विचारलं तर म्हणाली, दिवसभर उभं राहायचं असतं आज्जी, पाय दुखतात. लग्नात उभं राहून पाय दुखू शकतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुलाही नसेल.

तुझ्या पायात काही नसायचं. मिलमध्ये तुमच्या सूत गुंडाळायच्या खात्यात सगळ्या बायका अनवाणीच, पण बाकीच्यांच्या निदान घरी एक जोड असायचा लग्नाकार्याला. तुला विचारलं की म्हणायचीस, तेलाने खराब होतात. मला मात्र शाळेत घातल्यावर लालबागच्या फुटपाथवरून लाल पट्ट्याच्या चपला आणल्यास, मापाहून मोठ्या, पाय वाढेल म्हणून. मी त्या हौसेने तुला दाखवायला फटफट करत थेट चुलीपर्यंत आले. तू भाकरी थापत होतीस. हात पिठाचे, म्हणून मारलं नाहीस, नुसतं बघितलंस.

"चपला घालून चुलीकडे इलंस? भायर काढ."

मी बाहेर काढल्या. तेव्हापासून आजवर कुठल्याच स्वयंपाकघरात मी पायताण नेलं नाही. सून आली तेव्हा तिची घरातली स्लीपर मीच उंबऱ्याशी अडवली. तिने तोंड वाकडं केलं, पण काढली.

मग ती लोखंडी पट्टी. कापसाच्या गाठीला असते तसली, मिलच्या आवारात पडलेली, तुझ्या टाचेत गेली. मी जिन्यात उभी होते. तू वर येतेस आणि मागे पायरीपायरीवर रक्ताचा डाग. मी ओरडले तेव्हा तू वळून बघितलंस आणि तुलाच नवल वाटलं. चिंधी बांधून भाकऱ्या केल्यास. चाळीतल्या बायका म्हणायच्या, काय बाई आहे, दुखणं अंगावर काढते, हूं की चूं नाही. मलाही केवढा तोरा होता त्याचा. पाय काळा पडला, वास यायला लागला, तरी तू कामावर जात होतीस. माझी चौथी चालू होती, ती तिथेच राहिली.

तुझ्या तेराव्याला बाबांनी कोऱ्या चपला आणल्या. गेलेल्या माणसाची वाट तापलेली असते, पाय पोळू नयेत म्हणून भटजीला चपला आणि छत्री द्यायची. बाबांनी भटजीला त्यांचं माप विचारून आणल्या. पाटाजवळ ठेवल्या होत्या, पुरुषी, रुंद, कातड्याचा वास येत होता.

मी म्हणाले, "बाबा, आयेला या मोठ्या होतील."

बाबा म्हणाले, तिला बरोबर पोचतात. आणि छत्री उघडून बघत बसले, घरात कोणी छत्री उघडतं का. भटजी त्या चपला घालूनच जिना उतरले. मी वरून बघत होते.

आता यंदाचं. गणपतीत मी दर्शनाला अनवाणी गेले, माझी पद्धत. घरी आले तर नात किंचाळली. पांढऱ्या लादीवर दारापासून माझ्यामागे डाग. मांडवाचा खिळा होता. मी खाली बघितलं आणि मलाच नवल वाटलं. परळच्या इस्पितळात डॉक्टरने मला डोळे मिटायला लावले, म्हणाला टोचलं की सांगा. मी वाट बघत बसले. शेवटी कंटाळून म्हटलं, टोचा की आता. तो म्हणाला, आजी, कधीचा टोचतोय. साखरेने पायातला जीव जातो म्हणे, हळूहळू, माणसाला पत्ता लागत नाही. तिथे खाटेवर बसल्या बसल्या मला तुझी टाच दिसली. तू अंगावर काढत नव्हतीस. तुला कळतच नव्हतं. आणि आम्ही सगळ्या कौतुक करत बसलो.

माझं एक बोट काढलं, जोडव्याचं. जोडवं आधीच उतरलं होतं, त्यामुळे त्याला तसंही काम नव्हतं. घरी आले तर नातीने खोकं पुढे केलं. पांढरे बूट, लादीपावाचे, सगळ्या जगाच्या पायात आहेत तेच. मी म्हटलं, बाहेर घालीन, स्वयंपाकघरात नाही. ती म्हणाली, तुझा अर्धा दिवस तिथेच जातो, मग बाहेर काय उपयोग. मी ऐकलं नाही. उंबऱ्याशी काढत राहिले, भिंतीला धरून अनवाणी आत जात राहिले. परवा ओट्याजवळ कपाची कपची पडली होती. नातीने ती उचलून माझ्या तळहातावर ठेवली. आवाज चढवला नाही.

"आज्जी, तुझ्या आईकडे असत्या ना चपला, तर तिने चुलीपाशी घातल्या असत्या. तुझ्यासाठी."

खोटं आहे ते. तू घातल्या नसत्यास. पण पोरीच्या डोळ्यात पाणी होतं, आणि मी चौथीत होते तेव्हा माझ्याकडे तुला द्यायला काहीच नव्हतं.

आज स्वयंपाकघरात बसून लिहितेय, ओट्याला टेकून, पायात बूट आहेत. भाजी चिरून झाली. मघापासून दाराकडे कान आहेत, कोणी भायर काढ म्हणतंय का. कोणी म्हणत नाही. हा कागद बुटांच्या खोक्यात ठेवणार, तुला पाठवायचा कुठे. नात हापिसला जाताना विचारून गेली, मऊ आहेत ना गं? मी म्हटलं, हो, लोण्यासारखे. तुला म्हणून सांगते, मला काहीच कळत नाही, मऊ की कडक.