येते म्हणायचं ऱ्हायलं

आत्याबाई, तुमचा धाकटा नातू जिता हाय. मधल्या भाऊजींचा, ज्येला मांडीला घिऊन तुमी भाकरी थापायचा, त्यो. जेवतोय, काल माज्याशी भांडला सुदिक. ह्ये आदी सांगते, न्हाईतर पुढचं न ऐकताच तुमी चपला हुडकाया लागाल. तुमाला वाचाया येत नव्हतं, मला सातवीपतूर आलं तेवडं. थोरल्या भाऊजींची पलटणीतली पत्रं मीच चुलीपुढं बसून वाचून दावायची, आन् मधीच वाचायचं सोडून माजं कायतरी सुरू करायची. तवा तुमी पिठाचा हात वर करायचा. "आदी त्येचं हुंदे, मग तुजं." म्हणायचा, वाईची लेक म्हंजी निसतं तोंड. आता ग्यासपुढं उभी ऱ्हाऊन मी एकटीच भाकरी करते, कोण हात वर करत न्हाई, आन् मी आपली बोलतच ऱ्हाते. आज त्येच कागदावर लिवते.

तर त्यो. चाळिशीच्या पुढं गेला आता. आपल्या गावातली निम्मी गडीमाणसं जातात तसा त्योबी गलईच्या धंद्यात गेला, पार खाली तामिळ मुलखात. जुनं सोनं वितळवून चोख करून द्यायचं दुकान. बरीच वर्सं केलं, मग त्ये मोडलं, आन् गेल्या दिवाळीला बायको-पोरीला घिऊन घरी आला. आमी समद्यांनी म्हणलं, बरं झालं, आता ऊस बघ. त्यो व्हय म्हणला. समद्यालाच व्हय म्हणायचा. आंघोळ दुपारी, ताटात निम्मं तसंच. जत्रंला देवळाकडं फिरकला न्हाई, मी म्हणलं शिष्ट झालाय. दिसभर बाजंवर पडून असायचा, मी म्हणलं अंगात आळस भरलाय. मग एक दिस सकाळचाच आला आन् त्येचा सोनं तोलायचा काटा माज्या पुढ्यात ठिवला. मखमलीच्या डबीतला, बायकोला सुदिक हात लावू द्यायचा न्हाई त्यो. म्हणला, "काकी, तुला ऱ्हाऊंदे. मसाला तोलाया हुईल." मला लय आनंद झाला बगा. फडक्यानं पुसून देवळीत ठिवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दावला.

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातली बाई आली. जीव द्यायचा इचार करणारं माणूस वळखायचं कसं आन् त्येच्याशी बोलायचं कसं, ह्येचं सांगलीला दोन दिस शिक्षण हाय म्हणली, गावातनं बचत गटाची एक बाई पायजे. कोण तयार हुईना. असल्या अभद्राचं कसलं आलंय शिक्षण. मी गेले, कारण गटाची अध्यक्ष मी, आन् सांगलीत माजं चष्म्याचं काम व्हतं. खरं त्येच.

तिथं डॉक्टरीण बाई, माज्या धाकट्या लेकीपेक्षा बारकी. आल्या आल्या आमाला जोड्यांनी बसिवलं. एकीनं दुःखी माणूस व्हायचं, दुसरीनं बोलायचं. मला वाटलं, ह्यो काय पोरखेळ, दोन दिस ह्येच करायचं का? माज्या जोडीला मिरजंकडची अंगणवाडीची बाई. ती तोंड पाडून म्हणली, मला काय सुचंना झालंय, जगावं वाटत न्हाई. मी सुरू झाले. अगं पोरंबाळं बघ, देवानं हातपाय दिल्यात, लोकांची दुःखं बघ जरा, असं मनात आणूच नगंस. चांगलं दमादमानं बोलले. डॉक्टरीण बाई मागं उभी व्हती. म्हणली, "मावशी, तुम्ही मनापासून बोललात. पण आता ही तुम्हाला पुढचं काही सांगेल का?" अंगणवाडीवालीनं मान हालिवली, न्हाई म्हणून. आत्याबाई, मला तिथं खुर्चीत बसल्या जागी तुमचा पिठाचा हात दिसला.

मग डॉक्टरीण बाई म्हणली, सरळ विचारायचं. मरणाचे विचार येतात का, असं त्याच शब्दांत. मी हात वर केला. म्हणलं, बाई, आमच्यात असलं तोंडावर कोण इचारत न्हाई, त्येच्या मनात नसलं तर आपुनच घालायचो. तिनं न चिडता सांगितलं, "आपण विचारल्यानं ते मनात येत नाही, मावशी. असलंच तर विचारल्यावर माणूस हलका होतो." मला काय पटलं न्हाई. पर लक्षात ऱ्हायलं. पुन्यांदा जोडीत बसिवलं तवा अंगणवाडीवालीनं मला इचारायचं व्हतं. ती म्हणली, मावशी, तुमाला लय जड झालं तर कुणाला सांगता? मी म्हणलं, सासूला. अख्खी खोली हसली. सासूला? एक जण म्हणली, असली सासू कुठल्या बाजारात मिळती? मीबी हसले. तुमी न्हाईत ह्ये काय सांगितलं न्हाई. कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाई काय काय खुणा असतात त्ये सांगत व्हती. झोप उडती, माणसं टाळतो, आन् कवा कवा जीव लावलेली वस्तू कुणाला तरी देऊन टाकतो. माज्या डोळ्यापुढं देवळीतला काटा आला. चाच्या सुट्टीत तिला कोपऱ्यात धरून समदं सांगितलं. ती म्हणली, आजच जा, विचारा, एकटं सोडू नका, धोक्याचं काही घरात असेल तर बाजूला करा, आणि उद्या त्याला घेऊन इथं दवाखान्यात या, मी आहे. चष्मा तसाच ऱ्हायला. विट्याची गाडी धरली. अख्ख्या वाटंनं मी मनात तुमालाच म्हणत व्हते, तुमी पायजे व्हतासा. माजं तोंड त्ये असलं. तुमी जाऊन नुसत्या बसला असता तरी त्येनं सांगितलं असतं.

घरी आले, चा टाकला, बिनदुधाचा, किटलीत वतला आन् निघाले. डोकं ठिकाणावर नव्हतं. किटली तुमची पितळंची. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई म्हणून तुमी तिच्यातनं कोरा चा न्यायचा. तुमी गेलात की त्या घरातल्या बाया रडायच्या थांबत नव्हत्या, पर घोटभर प्यायच्या. गुडघे गेले तवा ती माज्या हातात दिली आन् म्हणला, आता तू जायचं. देताना परत एकदा बजावलं, तिथं बोलाया न्हाई जायचं, बसाया जायचं.

त्यो पडवीत बाजंवर बसलेला. मला बघितलं, मग माज्या हाताकडं बघितलं.

"काकी, ती किटली घिऊन कुठं? कोण गेलं?"

मी खाली बघितलं तवा मला कळालं काय उचलून आणलंय. जित्या माणसाच्या दारात ती किटली. दुसऱ्या कुणी आणली असती तर मी दारातनं हाकलून दिली असती. पर आता परत कुठं फिरायचं? तशीच त्येच्या शेजारी बसले.

"अजून कोण न्हाई गेलं," म्हणलं. "तुलाच इचाराया आले. मराचं येतंय का रं मनात तुज्या?"

आत्याबाई, इचारलं आन् तोंड मिटलं. तुमचा हात धरूनच मिटलं म्हणा.  कोऱ्या चाला साय धरत न्हाई, म्हणून नुसता निवत चाललेला बघत बसले. माज्या जिभंवर शंभर गोष्टी आल्या. तुज्या पोरीचं काय, तुज्या आज्जीला काय वाटंल, समदं. गिळलं. मग त्यो जिमिनीकडं बघून म्हणला, "येतंय काकी. पयलं अधनंमधनं यायचं. आता आलं की जात न्हाई." मी म्हणलं, सांग. त्येनं सांगितलं. भट्टीपुढं निम्मं आयुष्य गेलं आन् आता हातांना काय करायचं कळत न्हाई, गावात चालताना वाटतं समदी मागनं बगतात, पोरगी हसली तरी लांबनं ऐकू येतंय. मी आळशी म्हणत व्हते त्येला. काय ठरिवलंय का, त्येबी इचारलं, शिकिवल्यापरमाणं. त्यो म्हणला, ठरवत आणलंवतं. मग म्हणला, "ह्ये हिला सांगू नगंस."

"ह्ये मी पोटात ठिवणार न्हाई," मी म्हणलं. "तिथं तसंच सांगितलंय. आन् माज्या पोटात कवा काय ऱ्हायलंय का?"

त्यो हसला न्हाई, पर त्येनं कप उचलला. गार झाल्याला चा सगळा प्याला. मग मी त्येच्या बायकोला हाक मारली. ती उंबऱ्याच्या आतच उभी व्हती, किती येळ कुणास ठाऊक. येऊन बाजंवर त्येच्या अंगाला लागून बसली आन् त्येचा हात दोन्ही हातांत धरला.  त्येच्या थोरल्या भावाला मळ्यातनं बोलिवला, त्येला म्हणलं, आज हितंच झोपायचं, ह्येला सोडायचं न्हाई. शेतावरच्या औषधांच्या बाटल्या माज्या घरच्या कपाटात घालून कुलूप लावाया लावलं. समदं झालं. मग मी उठले, किटली उचलली आन् चालाया लागले.

हापशाजवळ आले आन् पाय थांबलं. तुमाला आठवतंय का, लगीन झाल्यावर पयल्यांदा तुमच्यासंगं वरच्या आळीत बसाया गेलेवते. निघताना मी रीतीनं म्हणलं, येते. तुमी तिथं गप बसला. ह्याच हापशाजवळ आल्यावर माजा दंड धरला आन् म्हणला, "येते काय, येते? असल्या घरी परत यायचंय व्हय तुला? मयताच्या घरातनं निसतं उठायचं आन् निघायचं." तवापासनं इतकी मयतं केली, एकदा सुदिक चुकले न्हाई. आन् आज त्याच किटलीसंगं, त्याच पायांनी, मी तुमच्या जित्या नातवाच्या घरातनं गप उठून आलेवते. मयताच्या घरातनं उठल्यागत.

माघारी पळाले. पळाले म्हंजी ह्या गुडघ्यांनी जमलं तसं. तिघंबी तिथंच बसलेली. मी दारात उभी ऱ्हाऊन दम खाल्ला.

"येते रं मी."

त्यो बगाया लागला. "काकी, तू आत्ताच गेलीस की."

"म्हणायचं ऱ्हायलंवतं. सकाळी येते. पयल्या गाडीनं सांगलीला जायचं, आंघोळ करून बस."

त्यो माज्याकडं बघतच ऱ्हायला. गलईवाला झाला तरी गावचाच गडी, रीत त्येलाबी ठावं हाय. हातातल्या किटलीकडं बघितलं, माज्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणला, "ये."

तेवडंच. त्ये ऐकाया मी किती येळा परत गेले असते, सांगू न्हाई शकत.

सकाळी आंघोळ केलेला व्हता. गेलो. डॉक्टरीण बाई त्येच्याशी एकट्याशी बोलली, गोळ्या दिल्या, परत बोलिवलं. अजून जातोय. एकदम सरळ झालं म्हणू नगा. मधी एकदा परत बाजंवर पडला, तवा त्येनंच मला बोलावणं धाडलं. मी रोज सांजंला जाते, दूध घातलेला चा इस्टीलच्या तांब्यात घिऊन. बसते. कवा बोलतो, कवा न्हाई. मला आता थोडं गप बसाया येतंय, तुमी हसाल. उठताना म्हणते, येते. आन् त्यो म्हणतो, ये.

काल आला आन् म्हणला, "काकी, माजा काटा कुठाय?" मी म्हणलं, दिलेली वस्तू परत मागतोस, लाज वाटत न्हाई? माजा मसाला कशानं तोलू? त्येच्यावरनं भांडला. गावात एकाचं दागिनं दुरुस्तीचं दुकान हाय, तिथं बसणार हाय म्हणं थोडा थोडा. मी देवळीतनं डबी काडून त्येच्या हातात आदळली. त्यो गेल्यावर पदरानं डोळं पुसलं, कोण बघत नव्हतं.

ह्ये तुमाला सांगायचं व्हतं. माणसं म्हणतात मी धीराची. धीर कसला, त्या गाडीत बसून लेकरागत तुमच्या नावानं रडत आले. आता ह्यो कागद पेटीत न्हाई टाकायचा, पत्ता न्हाई तुमचा. पर एक ऱ्हायलंय त्ये सांगते. तुमी गेलात तवा तिसऱ्या दिवशी नदीवर राख सावडली, निवद ठिवला आन् समद्या बाया तुमी शिकिवलेल्या रीतीनं गप वळून चालल्या. मी शेवटाला व्हते. वळताना मी तुमाला येते म्हणलंवतं, आत्याबाई. चुकून न्हाई.